बापूंचं धुणं

प्रत्येक गिर्यारोहण संस्थेत एक माणूस असतो, जो फोटोत नसतो. सुळक्यावर झेंडा धरून उभी राहिलेली पोरं फोटोत असतात, पायथ्याशी पुष्पगुच्छ घेऊन आलेले अध्यक्ष असतात, पिठलं-भाकरी करून घालणारे गावातले मामासुद्धा असतात. हा नसतो. कॅमेरा निघतो तेव्हा हा लांब ताडपत्रीवर बसून दोर मोजत असतो. संस्थेच्या घटनेत याचं पद साहित्यप्रमुख. आमच्याकडे त्याला बापू म्हणतात, तुमच्याकडे तात्या म्हणत असतील. नाव बदलतं, ताडपत्री तीच.

आमचे बापू डोंबिवली पूर्वेचे. एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते. आलेला माल आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे तपासण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे ताक असो, फिनेल असो की जावयाने आणलेलं अत्तर, बापू आधी त्याचा पीएच किती असेल याचा विचार करतात. तरुणपणी रजा काढून त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स केला. बाकीची मंडळी तिथून हिमनदीच्या, बधिर झालेल्या बोटांच्या आणि पहाटे चारच्या चहाच्या गोष्टी घेऊन येतात. बापूंना विचारलं तर शेवटच्या दिवशी सामान जमा करताना तिथल्या उस्तादांनी दोर हातातून सोडत सोडत कसा तपासला, ते अर्धा तास सांगतात. मध्ये हिमालय लागला होता, एवढं ते मान्य करतात.

नव्या पोरांच्या पहिल्या वर्गात बापूंचा प्रश्न ठरलेला. "1953 साली काय झालं?"

सगळे हात वर. "एव्हरेस्ट! तेनसिंग आणि हिलरी!"

"ते झालंच," असं म्हणून बापू एव्हरेस्ट हाताने बाजूला सारतात. "महत्त्वाचं काय झालं?"

वर्ग गप्प. मग बापू सांगतात, की त्याच वर्षी जर्मनीत एडेलरिड कंपनीने आत गाभा आणि वरून विणलेलं कवच असा नायलॉनचा दोर पहिल्यांदा काढला. त्याआधीचे दोर नुसते पिळाचे. काय झालंय ते निदान वरून दिसायचं. आता भार घेतो तो मुख्यतः आतला गाभा, आणि तो झाकलेला. "म्हणजे ज्याच्यावर जीव टांगायचा ते दिसत नाही, आणि जे दिसतं त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ. बाकी चढाई तुम्हाला दुसरे सर शिकवतील."

दुसरे सर शेजारीच उभे असतात. त्यांच्या नावावर कोकणकडा, तैलबैला, खडा पारशी असं बरंच काही असतं. ते हसतात, कारण त्यांचा दोर बापूंकडे असतो.

दोर मळला याचं बापूंना तसं दुःख नसतं. मळलेल्या सदऱ्याने माणूस मरत नाही, हे त्यांनाही कळतं. त्यांचं वैर आहे ते खड्याशी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कणाशी. सह्याद्रीतली माती, कातळाचा भुगा, वाळू हे सगळं विणीतून आत शिरतं. मग दोरावर ताण आला की प्रत्येक कण आतले धागे कुरतडत बसतो. एका दिवसात काही होत नाही. पण दर रविवारी थोडं थोडं होत राहतं, वरून पत्ताही लागत नाही. आणि दोरावर पाय पडला, की हेच कण दाबून आत बसवायचं पुण्यकर्म आपल्या हातून, म्हणजे पायातून, घडतं.

म्हणून "पाय!" ही बापूंची आरोळी. मुंब्र्याच्या कड्याखाली ती रविवारी सकाळी इतक्या वेळा ऐकू येते, की आजूबाजूच्या संस्थांची पोरंही दचकून उडी मारतात. दंड दहा रुपये. ते पैसे साबणाच्या डब्यात जातात. एका वर्षी संस्थेच्या वर्धापनदिनाला एक मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. व्यासपीठाच्या कडेला साहित्याचं प्रदर्शन मांडलेलं. साहेब नारळ-शाल घेत घेत मागे सरकले आणि नव्या कोऱ्या दोरावर उभे राहिले. मागच्या रांगेतून आरोळी आली, "पाय!" साहेबांना वाटलं, कुणीतरी भक्त पाया पडायला येतोय. त्यांनी सवयीने पाय आणखी पुढे केला. तोही दोरावरच. बापू खरोखरच धावत गेले आणि साहेबांच्या पायाशी वाकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही पायांचे मिळून वीस रुपये अजून येणे आहेत, असं डब्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं आहे.

त्याच सभेत अध्यक्ष भाषणाच्या भरात म्हणाले, "आपण आता परतीचे दोर कापले आहेत!" बापू उभे राहून म्हणाले, "कुठले?"

आता धुण्याकडे येतो. चढाईचा हंगाम मे अखेर आटोपतो. पहिला पाऊस पडायच्या आत सगळे दोर बापूंच्या दोन खोल्यांच्या घरी येतात. साठ मीटरचे चार-पाच, शिवाय कोकणकड्यावरून उतरायचे लांबलचक स्टॅटिक. सोसायटीला पाणी संध्याकाळी येतं, म्हणून धुणं संध्याकाळी. न्हाणीघरात दोन टब. एका टबातून दुसऱ्या टबात दोर हाताने ओढत न्यायचा, मग पाणी बदलायचं आणि पुन्हा उलटा आणायचा. पाणी कोमट म्हणजे तीस अंशांच्या आतच. कोपर बुडवून अंदाज घेणं ही बाळंतघरातली पद्धत बापूंना मंजूर नाही, त्यांच्याकडे कारखान्यातला थर्मामीटर आहे. घासायला मऊ ब्रश. फवाऱ्याच्या जोराने गाड्या धुतात तसलं यंत्र कुणीतरी सुचवलं होतं. "खडा बाहेर यायच्या ऐवजी गाभ्यात जाऊन बसेल," असं म्हणून बापूंनी त्या सदस्याला वर्षभर दोर वाहायला लावले.

पहिल्या पाण्याचा रंग बघून दोर कुठे जाऊन आला, हे ओळखण्याचा त्यांना षोक आहे. राखाडी आलं तर "नागफणी, नाहीतर मुंब्रा". तांबूस आलं तर "माथेरान". एकदा पाणी पिवळसर आलं, तेव्हा बापू बराच वेळ टबाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "हा दोर कुणीतरी भंडाऱ्याच्या पिशवीजवळ ठेवला होता." त्या रविवारी गेलेला ग्रुप जेजुरीवरून परत आला होता, हे खरं निघालं. ते त्यांना कुणी आधीच सांगितलं होतं, असा माझा संशय आहे.

साबण हे स्वतंत्र प्रकरण आहे. दोर बनवणाऱ्या कंपन्यांचा खास साबण मिळतो. त्याची किंमत ऐकून खजिनदार एकदा खुर्चीतून उठले होते. कपड्याची पावडर चालत नाही. ब्लीचचं नाव घ्यायचं नाही. बापूंच्या आईने, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, सरळ उपाय सांगितला: रिठा. पैठणी त्याने धुतात, शाली त्याने धुतात, मग तुझी दोरी काय पैठणीपेक्षा नाजूक आहे? बापूंनी आईला उलट उत्तर दिलं नाही. रात्रभर रिठे भिजत घातले, सकाळी त्या पाण्यात पट्टी बुडवून बघितली आणि म्हणाले, "आई, कंपनीच्या पत्रकात रिठा नाही."

"पत्रक लिहिणाऱ्याने रिठा बघितलाय का?" आईंनी विचारलं.

याला उत्तर नव्हतं. शेवटी लोकरीच्या कपड्यांसाठी बाजारात मिळतो तो पातळ साबण आणायचं ठरलं. दुकानातल्या सगळ्या बाटल्या एकेक करून घरी आल्या, बापूंनी प्रत्येकीचा पीएच काढला आणि सातच्या सगळ्यात जवळची निवडली. उरलेल्या बाटल्यांमुळे त्या वर्षी बापूंच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, घरातले स्वेटर इतक्या वेळा धुतले, की डोंबिवलीत स्वेटर लागतात कधी, असा प्रश्न शेजारच्यांना पडला.

अ‍ॅसिड हा बापूंचा खरा शत्रू. नायलॉन आणि आम्ल यांचं अजिबात जमत नाही, आणि वाईट हे, की आम्लाने खाल्लेला दोर बघायला अगदी ठणठणीत असू शकतो. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी दोर ठेवला, थोडी वाफ लागली, संपलं. बापू हे सांगताना आवाज खाली आणतात. त्यांच्या घरी संडास धुवायला अ‍ॅसिड येत नाही. लिंबाचं सरबत दोराच्या खोलीत नेता येत नाही. आणि भारनियमनाच्या काळात, म्हणजे अख्ख्या डोंबिवलीत संध्याकाळी इन्व्हर्टर गुणगुणत असताना, बापूंच्या घरात मेणबत्ती होती. कारण इन्व्हर्टरला बॅटरी लागते आणि बॅटरीत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलीने दहावीचा अभ्यास शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर केला. तिला रसायनशास्त्रात चांगले गुण पडले. याचं श्रेय बापू स्वतःकडे घेतात.

2014 च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. लोक रस्त्यावर आले, हिरव्या डबक्यांचे फोटो काढले, प्रदूषणाच्या नावाने बोटं मोडली. बापूंनी आदल्या दिवशी एका दोराला आंघोळ घातली होती आणि तो गच्चीवर टाकीच्या सावलीत पसरला होता. ते लुंगीवरच चार जिने चढून गेले, छत्री दोरावर धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले. नंतर सदरा पिळून त्या पाण्यातही पट्टी बुडवून बघितली. काय आकडा आला ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. दोर मात्र त्या वर्षी बाद झाला. "भिजला नव्हता ना?" आम्ही विचारलं. "भिजला नसावा," बापू म्हणाले. तेवढ्या 'नसावा'वर सात-आठ हजारांचा दोर गेला.

पण खरी कसोटी सुकवण्याची. दोराबरोबर येणाऱ्या पत्रकात चित्रं असतात: सूर्यावर फुली, इस्त्रीवर फुली, शेगडीवर फुली. दोर सावलीत, हवेशीर आणि कोरड्या जागी सुकवावा. हे पत्रक आल्प्सच्या पायथ्याशी कुणीतरी लिहिलेलं असतं. त्याने जून-जुलैतली डोंबिवली पाहिलेली नसते. तिथे सावली आहे, वारा आहे, पण कोरडी जागा म्हणाल तर तिजोरीच. नायलॉन पाणी पितो. साधा दोर पाण्यात पडला तर स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी धरून बसतो, आणि ओला असेपर्यंत कोरड्याइतके हिसके झेलत नाही. ते कळल्यापासून पावसाळ्यात धबधब्यांवर रॅपलिंगचे इव्हेंट करणाऱ्या मंडळींचं नाव निघालं, की बापू कानाला हात लावतात. आणि त्यांचे दोर रविवार ते रविवार ओल्या गोणीत पडून असतात हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्याला आमच्यात कुणी अजून शब्द दिलेला नाही.

तर गच्चीत ऊन, नाहीतर पाऊस. मग जिना. चार मजल्यांच्या जिन्याच्या कठड्यावर मोठमोठे वेढे टाकून दोर पसरायचा. सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं: 'जिन्यात दोर लोंबकळत ठेवू नयेत.' खाली बापूंच्या अक्षरात: 'दोर लोंबकळत नाहीत, सुकत आहेत.' त्याखाली सेक्रेटरी: 'सुकायला किती दिवस?' त्याखाली बापू: 'हवेतली आर्द्रता कळवावी, मग सांगतो.' हा पत्रव्यवहार फळा भरेपर्यंत चालला आणि सर्वसाधारण सभेची सूचना लिहायला जागा न उरल्यामुळे त्या वर्षी सभाच झाली नाही.

शेवटी दोर घरात आले. दिवाणखान्यातल्या खिडकीच्या गजापासून निघून पंख्याच्या हुकावरून, देवघराला वळसा घालून आतल्या खोलीतल्या कपाटापर्यंत. टेबलफॅन लांबून, तोही दोन नंबरवर. काकूंना वाकून चालायची सवय आहे. आलेल्या माणसाला दारातच सांगतात, "डोकं सांभाळा, आणि पाय त्याहून सांभाळा."

याच दिवसांत एकदा मुलीला बघायला मंडळी आली. दुसरी तारीख सगळ्यांना अडचणीची होती. मुलाचे वडील उंच होते, ते डायनॅमिक दोराखाली बसले. पोह्यांवर थेंब पडू नये म्हणून काकूंनी बशांवर झाकणं ठेवली होती. बापू पगार विचारायचं विसरले, गाव विचारायचं विसरले. त्यांचं सगळं लक्ष मुलाच्या पावलांकडे. जमिनीवर एका दोराचं टोक पडलं होतं. मुलगा आत आला, थबकला, आणि कुणी काही न सांगता ते टोक ओलांडून पलीकडे गेला. बापूंनी काकूंकडे बघून मान हलवली. लग्न ठरलं. हे त्याला आधीच फोनवरून कुणीतरी पढवून ठेवलं होतं, ते आम्हाला लग्नाच्या पंगतीत कळलं. बापूंना अजून कळलेलं नाही.

दोर सुकला की नाही, हे हाताला कळत नाही. वरचं कवच कोरडं लागतं, गाभा दमट राहतो. बापू वजन करतात. दहा मिलिमीटरच्या आसपासचा साठ मीटरचा दोर चार किलोच्या आगेमागे भरतो. नवा आला तेव्हाचं नेमकं वजन त्यांच्या वहीत असतं. काटा रद्दीवाल्याचा. तो काटा मारतो हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. "फरक मोजायला काटा खरा असायला लागत नाही," बापू म्हणतात, "रोज सारखाच खोटा असला की पुरतो." रद्दीवाला या कौतुकाने इतका खूश झाला, की तो आता पावसाळ्यात रोज सकाळी बोलावल्याशिवाय येतो, दोर तोलतो आणि आकडा सांगून जातो. कालच्यापेक्षा वीस ग्रॅम कमी झाले की दोघांना सारखाच आनंद होतो.

वॉशिंग मशीनची गोष्ट थोडक्यात सांगतो. बरेच लोक दोर मशीनमध्ये धुतात, पुढून उघडणाऱ्या, नाजूक कपड्यांच्या फेरीवर, न पिळता. मधे फिरणारा खांब असलेल्या मशीनमध्ये दोर अडकतो आणि पिळवटतो. हे वाचल्यावर बापूंनी काकूंना सांगितलं, "तुला मशीन घेऊ या." एकतीस वर्षांच्या संसारात असं वाक्य काकूंनी प्रथमच ऐकलं होतं. त्या नवी साडी नेसून शोरूममध्ये आल्या. बापूंनी पिशवीतून साठ मीटरचा दोर काढला, सेल्सगर्लसमोर त्याची साखळी विणली, उशीच्या अभ्र्यात घालून वरून गाठ मारली आणि म्हणाले, "ह्यावर डेमो दाखवा." मशीन घरी आलं. आता त्यात पावडर घालता येत नाही, कारण ड्रममध्ये पावडरीचा अंश राहतो. काकू कपडे हाताने धुतात.

लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगाने वस्तू बाजूला ठेवायच्या, आल्या-गेल्या पिशव्या तीन दिवस हात न लावता पडू द्यायच्या, हे शिकून घेतलं. बापूंना त्यात नवीन काही वाटलं नाही. सोसायटीत हायपोक्लोराइटची फवारणी करणारी माणसं आली तेव्हा मात्र बापू मास्क लावून दारात आडवे उभे राहिले. "आत पेशंट आहे का?" असं फवारणीवाल्यांनी विचारलं. "सहा आहेत," बापू म्हणाले. ती माणसं दुसऱ्या मजल्यावरून परत गेली आणि पुढचे पंधरा दिवस बापूंच्या घरी दूध खालून दोरीने वर घ्यावं लागलं. ती दोरी साधी, सुतळीची. संस्थेच्या मालातली नव्हे, हे त्यांनी वहीत नोंदवून ठेवलं आहे.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, की माणूस धुण्याचा वेडा आहे. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. पण एकदा टबाच्या दुसऱ्या बाजूला बसायची माझी पाळी आली. पाणी काळं व्हायचं थांबलं होतं, साबण निघून गेला होता, धुणं झालंच होतं. बापू थांबेनात. दोर दोन बोटांतून अगदी सावकाश जाऊ देत होते. मध्येच थांबून वीतभर भागाची कमान करून बघायचे. गोल आली तर पुढे, मध्येच कुठे चपटी मोडली तर पुन्हा मागे. डोळे मिटलेले. साठ मीटर. तेव्हा मला कळलं, की साबण हे निमित्त आहे. धुवायचं म्हटलं, की दोराची वीत न् वीत हातातून जाते, आणि "बापू, किती संशय घेता?" असं कुणी विचारत नाही. आत काही मऊ लागतंय का, पोकळ लागतंय का, कुणी भरधाव रॅपल करून कवचाला चकाकी आणलीय का, मध्याची खूण कुणी भलत्याच मार्करने तर केली नाही ना, त्या शाईतलं द्रावण धाग्यात उतरलं तर काय, हे सगळे प्रश्न त्या दोन बोटांत असतात. माझ्या देखत एका ठिकाणी ती बोटं थांबली. मला काहीच लागलं नाही. आणखी दोघांना लागलं नाही. बापूंनी त्या जागी दोर कापला. आत गाभ्याचे काही धागे खरोखरच तुटलेले होते. बापूंना आनंद झाला असेल असं वाटलं होतं. त्यांनी वहीत बघितलं, गेल्या तीन रविवारी त्यावर कोण कोण लटकलं होतं ती नावं वाचली, आणि त्या रात्री जेवले नाहीत असं काकू म्हणाल्या.

सगळ्या बाद दोरांचं पोस्टमॉर्टेम ते करतात. बहुतेकांत काहीच निघत नाही. हिरव्या पावसातल्या दोरातही काही निघालं नाही. खजिनदार दर वर्षी हा मुद्दा काढतात. दोर बनवणारे सांगतात, की 80 किलोचं वजन घेऊन तो चाचणीत निदान पाच मोठे हिसके झेलतो. मग आपला दोर एकही न झेलता बाद का? बापू उत्तर देत नाहीत, खजिनदारांच्या पोटाकडे बघतात. खजिनदार 96 किलोचे आहेत. ठराव पास होतो.

दहा वर्षं झाली, की कपाटात नुसता पडून राहिलेला दोरही जातो. बहुतेक कंपन्या तेवढीच मुदत सांगतात. बाद झालेला दोर बापू तुकडे केल्याशिवाय सोडत नाहीत. यामागे मॅटरहॉर्न आहे. 14 जुलै 1865 रोजी सात जण त्या शिखरावर पहिल्यांदा पोचले, उतरताना एकाचा पाय घसरला, मधला दोर तुटला आणि चौघे गेले. बरोबर नेलेल्या दोरांपैकी सगळ्यात कमजोर जो होता, नेमका तोच त्या जागी बांधला होता. त्याचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. लोक ही गोष्ट ऐकून त्या सातांच्या म्होरक्याचं, व्हिंपरचं, नाव घेतात, डोंगराला दोष देतात. बापूंचं म्हणणं एवढंच, की कमजोर दोर बरोबर असला, तर कुणीतरी, कधीतरी, घाईत तोच बांधतो. म्हणून घरात ठेवायचाच नाही. "आणि काचेत ठेवलाय म्हणतात, पण आतली आर्द्रता किती ठेवलीय, ते कुणी सांगत नाही."

तुकड्यांना मागणी फार. कुणाला कुत्र्याला बांधायला हवा, कुणाला मोटारसायकलवर सामान आवळायला, कुणाला कपडे वाळत घालायला. बापू प्रत्येकाची चौकशी करतात. झोपाळ्याला दिला नाही. "त्यावर माणूस बसणार." गोविंदा पथकाला दिला नाही. "हंडी खाली आली तर?" "बापू, हंडी खाली यावी म्हणूनच तर फोडतात!" तरी दिला नाही.

गेल्या वर्षी गणेशोत्सव मंडळाने मात्र त्यांना कोंडीत पकडलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन्ही बाजूंना कार्यकर्ते दोर धरून चालतात, गर्दी आवरायला. त्याला लांब दोर लागतो, तुकडे चालत नाहीत. त्यावर कुणी चढणार नाही, लटकणार नाही, बसणार नाही. आणि मागणारे सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे जिन्याचा विषय. बापूंनी दोन दिवस विचार केला. एक बाद दोर अख्खा काढला, त्याच्या दोन्ही टोकांना लाल रंग दिला, मध्यावर 'चढाईसाठी नाही' अशी चिठ्ठी शिवली आणि स्वतः मिरवणुकीबरोबर चालत गेले. ढोल-ताशाच्या आवाजात "पाय!" कुणाला ऐकू जाणार? तरी ते ओरडत होते. निम्म्या लोकांना वाटलं, बापूंना ताल चढलाय. दोन-चार पोरं त्यांच्याभोवती फेर धरून "पाय! पाय!" म्हणत नाचू लागली. दोर खाडीवर पोचेपर्यंत गुलालाने असा माखला, की मूळचा निळा की हिरवा, ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर न्हाणीघरातून गुलाबी पाणी वाहत होतं. टबात तो दोर. काकू दारात उभ्या.

"बापू, हा बाद आहे ना? मग धुताय कशाला?"

"बाद आहे म्हणून काय गुलाल लावून ठेवू? धर ते टोक."

धरलं. तासभर आम्ही तो बाद दोर या टबातून त्या टबात करत होतो. बापूंची बोटं त्यावरूनही तशीच फिरत होती, थांबत होती, कमान करून बघत होती. मग हात पुसून त्यांनी वही काढली, त्या दोराचं जुनं पान उघडलं, वर 'बाद' असा लाल शेरा होता त्याच्याखाली रेघ मारली आणि लिहिलं: 'अनंत चतुर्दशी. वापर: गर्दी. पडणे: शून्य. गुलाल, पीएच तपासला. धुतला, सावलीत.' शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. थोडा विचार करून त्यांनी तिथे लिहिलं, 'तब्येत चांगली', आणि कात्री आणायला आत गेले.